घरबसल्या विमानोड्डाण आणि अडखळणारें चित्र

गोंदिया शहराजवळ बिरसी येथें एक धांवपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, ब्रिटिश सरकारनें ती बांधविली. तेव्हांपासून १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे. या शतकाच्या पहिल्या दशकांत त्या धांवपट्टीची पुनर्बांधणी झाली. हल्लीं तिची लांबी सुमारें २३०० मीटर आहे. कॅनडांतील सीएई ही कंपनी व भारतीय विमानपत्तन प्राधिकरण यांनीं मिळून तेथें वैमानिक तयार करणारी संस्था स्थापिली, आणि मार्च २०२२ पासून प्रवासी विमानेंही तेथें उतरूं लागलीं. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि मधून मधून जंगल अशी ही वैनगंगेच्या खोऱ्यांतील भूमि. तिच्यावरून शिकाऊ विमान जाऊं लागलें, कीं शाळकरी मुलांच्या माना आपोआप वर होतात.

अशा आकाशाखालीं वाढलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला वैमानिक व्हावेंसें वाटलें, तर त्यांत नवल कोणतें? पण ही विद्या महागडी. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठीं भारतांत निदान २०० तासांचें उड्डाण करावें लागतें, आणि त्याचा खर्च मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या छातींत धडकी भरविणारा असतो. त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वीं घरच्या संगणकावर विमान चालवून पाहावें, आवड खरी कीं हौस तेवढ्यापुरती याचा अदमास घ्यावा, हा विचार शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. मग सिम्युलेटरचा कार्यक्रम आणला जातो, टेबलावर सुकाणूचा दांडा बसविला जातो, घरचीं माणसें भोंवतीं जमतात. आणि विमान जमिनीजवळ येतें न येतें तोंच पडद्यावरील चित्र अडखळूं लागतें. एक झटका, क्षणभर थांबा, पुन्हां झटका. आणि विमान धांवपट्टी सोडून शेजारच्या शेतांत! “यंत्र जुनें झालें, नवें आणावें लागेल,” असा निकाल घरांतील वडील माणसें देतात, आणि पाऊण लाख, लाख रुपयांच्या गोष्टी सुरू होतात.

हा निकाल बहुधा घाईचा असतो. चित्र अडखळण्याचीं कारणें अनेक आहेत, आणि त्यांपैकीं कांहींच नव्या यंत्रानें दूर होतात. खोळंबा नेमका कोठें होतो हें शोधल्यावांचून पैसा खर्च करणें म्हणजे दुखणें न ओळखतां औषध घेण्यासारखें आहे. हा शोध घरच्या घरीं, कोणतेंही नवें उपकरण न आणतां करतां येतो.

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन व स्वयंचलित पियानो बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भात्यांचाच उपयोग करून लिंकनें १९२९ च्या सुमारास एक लहानसें खोटें विमान तयार केलें. तें दांड्याच्या हालचालीप्रमाणें झुके, वळे आणि डोलत असे. प्रथम लोकांनीं त्याला जत्रेंतील खेळणें मानलें. पण १९३४ सालीं अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचें काम आलें आणि धुक्यांत, केवळ उपकरणें पाहून विमान चालविण्याची संवय नसल्यानें अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. बिरसीची धांवपट्टी बांधली गेली, त्या युद्धकाळांत मित्रराष्ट्रांचे लक्षावधि वैमानिक अशाच यंत्रांत बसून शिकले.

घरगुती संगणकावर ही विद्या आणण्याचें श्रेय ब्रूस आर्टविक यांस जातें. इलिनॉय विद्यापीठांतील १९७५ च्या आपल्या प्रबंधांत त्यांनीं या विषयाचा अभ्यास केला होता. १९८० च्या सुमारास त्यांचा कार्यक्रम ॲपल-२ या लहान संगणकावर चालूं लागला. त्यांत डोंगर काय, धांवपट्टी काय, सारें नुसत्या रेघांचें. १९८२ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्याच घराण्यांतील कार्यक्रम बाजारांत आणला. पुढें ऑस्टिन मेयर यांचा एक्स-प्लेन आला, आणि कोणालाही फुकट घेतां येईल असा फ्लाइटगिअर आला. २०२० सालच्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीनें तर उपग्रहांनीं व विमानांनीं टिपलेल्या छायाचित्रांवरून साऱ्या पृथ्वीचा पृष्ठभाग घरच्या पडद्यावर आणला. रेघांच्या जागीं झाडें, घरें, ढग आणि पाण्यावरील चमक आली. आणि तितकाच संगणकावरचा भारही वाढला.

हा भार समजण्यासाठीं चित्र कसें हलतें तें पाहिलें पाहिजे. चलच्चित्रपटांत सेकंदाला २४ स्थिर चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. पण तीं आधींच काढून ठेवलेलीं असतात. सिम्युलेटरमध्यें प्रत्येक चित्र त्या त्या क्षणीं नव्यानें काढावें लागतें. कारण वैमानिक दांडा कोणीकडे वळविणार हें यंत्राला आधीं ठाऊक नसतें. सेकंदाला ६० चित्रें हवीं असतील, तर एका चित्राला १ सेकंदाच्या हजार भागांपैकीं १७ भागांहूनही कमी वेळ मिळतो. ३० चित्रांवर समाधान मानलें, तर ३३ भाग मिळतात. एवढ्या अवधींत विमानावरील हवेचा दाब, इंजिनाची शक्ति, वारा, उपकरणांचे कांटे, दूरचीं विमानें या साऱ्यांचा हिशेब होऊन चित्र पुरें व्हावें लागतें.

सेकंदाला किती चित्रें पडतात याचा आंकडा बहुतेक कार्यक्रम पडद्याच्या कोपऱ्यांत दाखवितात, आणि हौशी मंडळी त्याच आंकड्याच्या मागें लागतात. पण सरासरी फसवी असते. समजा, पहिल्या अर्ध्या सेकंदांत ५९ चित्रें भराभर पडलीं आणि उरलेल्या अर्ध्या सेकंदांत एकच चित्र गोठून राहिलें. आंकडा ६० चाच येईल. पण डोळ्याला दिसेल तो मात्र झटका. डीए-४० सारखें शिकाऊ विमान उतरतांना तासाला सुमारें १३० किलोमीटर वेगानें येतें, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. चित्र अर्धा सेकंद गोठलें, तर तेवढ्यांत विमान १८ मीटर पुढें गेलेलें असतें, आणि जमीन हाताच्या अंतरावर असते. म्हणून पुष्कळ चित्रांपेक्षां समान अंतरानें पडणारीं चित्रें अधिक मोलाचीं. एकसारखीं पडणारीं ३० चित्रें ही वर-खालीं होणाऱ्या ५० चित्रांहून केव्हांही बरीं.

येथें प्रश्न केवळ डोळ्यांच्या सुखाचा नाहीं. चित्र उशिरां आलें, कीं शिकणारा दांडा ओढतो, परिणाम दिसत नाहीं म्हणून आणखी ओढतो, आणि मग विमान एकदम नाक वर करतें; तें सांवरण्यासाठीं तो दांडा उलट दिशेनें लोटतो. अशा हेलकाव्यांची हाताला संवय जडली, तर ती खऱ्या विमानांत शिक्षकाला मोडून काढावी लागते, आणि तेथें प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. एक्स-प्लेनमध्यें याहून चमत्कारिक गोष्ट घडते. चित्रांची संख्या सेकंदाला सुमारें २० च्या खालीं गेली, कीं हिशेबांत चूक होऊं नये म्हणून तो कार्यक्रम काळच मंद करतो. विमान हवेंत अधिक शांत भासतें, शिकणाऱ्याला विचार करण्यास वेळ मिळतो, आणि त्याला वाटतें कीं आपला हात बसला! भिंतीवरील घड्याळाचा एक मिनिट आणि विमानांतील घड्याळाचा एक मिनिट जुळतो कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे हा भ्रम उघडा पडतो.

आतां खोळंबा शोधण्याकडे वळूं जातां संगणकांतील दोन कामकऱ्यांची ओळख हवी. एक प्रोसेसर आणि दुसरें ग्राफिक्स कार्ड. स्वयंपाकघरांत एकीनें पोळ्या लाटाव्या आणि दुसरीनें भाजाव्या, तसें या दोघांचें चालतें. प्रोसेसर हिशेब करून कोणती वस्तु कोठें आहे हें ठरवितो. ग्राफिक्स कार्ड त्या वस्तु रंगवून चित्र पुरें करतें. लाटणारीचा हात मंद असेल, तर तवा कितीही मोठा आणला तरी पोळ्या लवकर होत नाहींत. आणि भाजणारी मागें पडली असेल, तर दुसरें लाटणें आणून उपयोग नाहीं. विमानाच्या सिम्युलेटरमध्यें लाटणारीच अधिक वेळां मागें पडते. उड्डाणाचा हिशेब बराचसा एकामागून एक अशा क्रमानें करावा लागतो. तो प्रोसेसरच्या अनेक भागांवर सारखा वांटून देतां येत नाहीं. त्यामुळें पुष्कळ भागांचा मोठा प्रोसेसर घेऊनही कित्येकदां पदरीं निराशा येते.

दोघांतील मागें कोण पडतो हें ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. विमान एका जागीं उभें करून चित्रांचा आंकडा पाहावा. नंतर चित्राचा बारीकपणा कमी करावा. १९२० बाय १०८० बिंदूंच्या चित्रांत सुमारें २१ लक्ष ठिपके असतात. १२८० बाय ७२० च्या चित्रांत ९ लक्षांहून थोडे अधिक. ठिपके असे निम्म्याहून कमी केल्यावर आंकडा झपाट्यानें वाढला, तर खोळंबा ग्राफिक्स कार्डापाशीं होता असें समजावें. आंकडा जागचा हलला नाहीं, तर कार्ड रिकामें बसलें आहे आणि प्रोसेसर घामाघूम झाला आहे. परीक्षा संपली, कीं बारीकपणा पुन्हां पूर्ववत् करावा.

प्रोसेसर मागें पडत असेल, तर आकाशांतील इतर विमानें, रस्त्यांवरील मोटारी आणि विमानतळावरील हालतीं माणसें प्रथम कमी करावीं. कारण त्यांतील प्रत्येकाचा हिशेब त्यालाच करावा लागतो. किती दूरवरची जमीन तपशिलानें दाखवावयाची आणि घरें-झाडें किती दाट काढावयाचीं, हीं दोन मापें पुढें उतरवावीं. नव्या विमानांत कांट्यांच्या जागीं काचेचे पडदे असतात. ते किती वेळां ताजे करावयाचे हेंही कांहीं कार्यक्रमांत ठरवितां येतें. ग्राफिक्स कार्ड मागें पडत असेल, तर ढगांचा दाटपणा, सांवल्या, पाण्यांतील प्रतिबिंबें आणि वस्तूंच्या कडा गुळगुळीत करण्याची योजना यांना कात्री लावावी. यांत फार गमावलें असें होत नाहीं. उतरावयास शिकणाऱ्याला धांवपट्टीची कड, क्षितिज आणि वेगाचा कांटा स्पष्ट दिसले पाहिजेत. तलावांत ढगाचें प्रतिबिंब न पडलें तरी चालतें.

कधीं कधीं आंकडा चांगला असतो, विमान सुरळीत चाललेलें असतें, आणि मध्येंच एखादा मोठा झटका बसतो. हा दोष बहुधा सांठ्याचा. नवा मुलूख जवळ आला, कीं त्याचीं चित्रें तबकडीवरून स्मृतींत आणावीं लागतात. फिरत्या तबकडीवरून हें काम मंद होतें. न फिरणारी नवी तबकडी, जिला एसएसडी म्हणतात, ती येथें खरी उपयोगी पडते, आणि खर्चच करावयाचा तर बहुधा तो प्रथम येथें करावा. स्मृति ८ जीबी असेल, तर अलीकडच्या मोठ्या कार्यक्रमांना ती अपुरी पडते. १६ जीबी असावी. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृति भरून गेली तरी असेच झटके बसतात. पृष्ठभागांच्या चित्रांचा दर्जा एक पायरी उतरविला कीं ते थांबतात. शिवाय मायक्रोसॉफ्टचा २०२० चा कार्यक्रम जमिनीचीं छायाचित्रें इंटरनेटवरून मागवीत असतो. जेथें इंटरनेट मंद किंवा लहरी, तेथें ज्या भागांत नेहमीं उड्डाण करावयाचें त्या भागाचा सांठा आधींच तबकडीवर करून ठेवावा. एक्स-प्लेन आपला मुलूख तबकडीवरच ठेवतो, म्हणून त्याला ही अडचण पडत नाहीं.

विदर्भांतील घराला आणखी एका शत्रूची दखल घ्यावी लागते. तो म्हणजे उन्हाळा. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांवर जातो. प्रोसेसर स्वतः तापून १०० अंशांच्या जवळपास आला, कीं जळून जाऊं नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. पहिलीं पंधरा-वीस मिनिटें चित्र उत्तम चालावें आणि मग अडखळूं लागावें, हें या दुखण्याचें ठळक लक्षण. हेंच यंत्र पौषांत विनातक्रार चालतें, म्हणून घरच्यांना कोडें पडतें. उपाय साधे आहेत. यंत्र बंद करून, तार काढून, पंख्यावरील व जाळीवरील धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. मांडीवरचा संगणक गादीवर किंवा उशीवर कधींही ठेवूं नये; टेबलावर ठेवून त्याची मागची बाजू दोन बोटें उंच करावी. तो विजेच्या तारेला जोडलेला असावा, कारण नुसत्या बॅटरीवर त्याचा वेग मुद्दाम कमी राखलेला असतो. उड्डाणाचा अभ्यास सकाळीं केला, तर यंत्र आणि शिकणारा दोघेही थंड राहतात.

एवढें झाल्यावर शेवटचा उपाय उरतो तो चित्रांना लगाम घालण्याचा. सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळां ताजा होतो. यंत्र सेकंदाला ४५ चित्रें काढूं शकत असेल, तर चार वेळां पडदा ताजा होतो तेवढ्यांत तीनच नवीं चित्रें तयार असतात. म्हणून दर तिसरें चित्र दोनदां दिसतें आणि चाल लंगडी होते. तेंच ३० वर बांधून टाकलें, तर प्रत्येक चित्र बरोबर दोनदां दिसतें आणि चाल सरळ होते. शिवाय यंत्राच्या अंगीं थोडी शक्ति शिल्लक राहते. दाट वस्ती आली किंवा ढग भरून आले, तर ती कामास येते. बहुतेक कार्यक्रमांत किंवा कार्डाच्या मांडणींत ही मर्यादा घालण्याची सोय असते. चित्रें स्वतःच्या चालीनें दाखविणारे नवे पडदेही मिळतात. तो असेल, तर हें बंधन तितकेंसें लागत नाहीं.

हे सारे उपाय एकदम केले, तर कोणत्यानें गुण आला हें कळत नाहीं. त्यासाठीं एक ठराविक उड्डाण नेमून घ्यावें. बिरसीहून उडावें, नागपूरची दिशा धरावी. थोड्या वेळानें वैनगंगा लागते, उजव्या हाताला तुमसर राहतें, डाव्या हाताला भंडारा. वेळ सकाळची, हवा निरभ्र, विमान तेंच. एका वेळीं एकच माप बदलावें, आणि कमींत कमी आंकडा कोठें झाला तो वहींत टिपावा. इतर कार्यक्रम, ताजेपणाच्या सूचना आणि विषाणूंची तपासणी त्या वेळीं बंद असावी. भंडाऱ्याचीं शेतें आणि तलाव यंत्राला हलके असतात. मुंबईची दाट वस्ती जड असते. म्हणून मापें येथें जुळलीं, कीं एक फेरी मुंबईवर मारून पाहावी. तेथेंही चाल टिकली, तर तें यंत्र जुनें म्हणून टाकण्याजोगें नाहीं. वहींतील टिपणांवरून एकच भाग दुबळा ठरला, तर तेवढाच भाग बदलावा. आणि सारे उपाय करूनही बिरसीवरच २० च्या खालीं आंकडा राहिला, तर एकतर फ्लाइटगिअर किंवा एक्स-प्लेनच्या जुन्या आवृत्तीसारखा हलका कार्यक्रम घ्यावा, नाहींतर मग नव्या यंत्राचा विचार करावा. तो खर्च डोळसपणें केलेला असेल.

घरच्या टेबलावर घालविलेले तास परवान्याच्या २०० तासांत धरले जात नाहींत. त्या विमानांत पोटांत गोळा येत नाहीं, वाऱ्याचा धक्का अंगाला लागत नाहीं, आणि चूक झाली तर एक कळ दाबून पुन्हां आरंभ करतां येतो. पण उड्डाणापूर्वींच्या तपासणीचा क्रम, उपकरणांवरून नजर फिरविण्याची शिस्त आणि धांवपट्टीकडे येण्याचा कोन एवढें तें शिकवूं शकतें. मात्र शिकवणी खरी व्हावयाची तर चित्र आणि घड्याळ दोन्हीं खरीं असलीं पाहिजेत. तेवढी काळजी घेतलेल्या घरांतील मूल उद्यां बिरसीच्या फाटकांतून आंत गेलें, तर त्याच्या हाताला निदान खोटी संवय जडलेली नसेल. आणि त्याच्या वडिलांनीं वांचविलेला पैसा तेथील पहिल्या कांहीं तासांना कामीं येईल.